घरात भजन, कानात मेटल: नाशिकच्या पोरांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रोडच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी गिटार शिकवतो. काहींना हिंदी गाणी हवी असतात, काहींना मेटल, म्हणजे जड गिटारचं, मोठ्या आवाजाचं रॉक. मेटलवाल्यांच्या मागोमाग प्रश्नही येतात. पोरांचे वेगळे, आणि दारात चपला घालता घालता हळूच विचारणाऱ्या पालकांचे वेगळे. बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात: लहानपणी कानावर जे पडलं त्याचा पुढच्या वाजवण्याशी संबंध किती? तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

लहानपणी ऐकलेल्या गाण्यांनी पुढचं खरंच ठरतं का? की मुलाखतीत सांगायच्या गोष्टी?

ठरतं, पण लोकांना वाटतं तसं नाही. लहानपणापासून मेटल ऐकलं की पोरगं मेटल वाजवायला लागतं, इतकं ते सरळ नसतं. ज्यांनी हा प्रकार जन्माला घातला त्यांच्या लहानपणी तर मेटल नावाची चीजच नव्हती.

ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडचा बँड घ्या. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा. चौघेही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातले, कामगार वस्तीत वाढलेले. ड्रम वाजवणारा बिल वॉर्ड जीन क्रुपा आणि बडी रिच या जाझवाल्यांवर पोसलेला. त्यामुळे त्याच्या जड ठेक्यातही एक झोका आहे, जो पुढच्या कित्येक मेटल ड्रमरांना जमला नाही. गायक ऑझी ऑस्बोर्न बीटल्सचा वेडा. आता ऑझीच्या चाली पुन्हा ऐका. गिटार कितीही काळीकुट्ट असली तरी वरची चाल शाळकरी पोराला गुणगुणता येईल अशीच असते.

आणि गिटारवाला टोनी आयोमी. १९६५ साली, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये सापडली. मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पोरगं खचलं. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत अधू झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो असं जाझ वाजवायचा की दहा बोटांवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. आयोमीने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा थेट दीड पट्टी खाली उतरवल्या, म्हणजे ताण कमी आणि बोटांना आराम. आज जगभरची पोरं 'हेवी' वाटावं म्हणून तारा उतरवतात त्याचं मूळ हे.

ब्लॅक सॅबथमध्ये जँगोसारखं काहीही ऐकू येत नाही, हे लक्षात घ्या. पण ती रेकॉर्ड ऐकली नसती तर टोप्यांचा खटाटोप त्याने केलाच नसता. मोठे प्रभाव बरेचदा असे, आवाजात न दिसणारे असतात. म्हणून 'तुझ्यावर कुणाचा प्रभाव?' याला पोरं पाच बँडची नावं सांगतात ती मी फारशी मनावर घेत नाही.

ते 'सैतानाचा सूर' म्हणजे काय असतं? घरात वाजवलं तर चालेल का?

ही शंका एका आईने अगदी गंभीरपणे विचारली होती. पेटी असेल तर आत्ता वाजवून बघा. सा, मग वरचा सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम, आणि तिथेच थांबा. झालं. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं या तीन सुरांवर उभं आहे. बेस वाजवणारा गीझर बटलर होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची 'मार्स' (युद्धाचा देव) ही रचना वाजवत असायचा, त्यातून आयोमीला हे सुचलं. चर्चने या सुरावर बंदी घातली होती अशी गोष्ट इंटरनेटवर फिरते, ती फुगवलेली आहे.

आमच्या घरी हीच जागा मी पहिल्यांदा पेटीवर वाजवली तेव्हा मी नववीत होतो. आजोबा भजनी मंडळातले, आतल्या खोलीत पंचांग चाळत होते. तिथूनच ओरडले, "अरे, तीव्र मध्यमावर असा लटकत काय राहतोस? पंचमावर उतर की!"

त्या एका वाक्यात त्या गाण्याचं सगळं व्याकरण आलं. यमन ऐकलेल्या कानाला तीव्र मध्यम म्हणजे दाराची चौकट, आत पंचम वाट बघतोय. सॅबथ त्या चौकटीत उभे राहतात आणि आत येत नाहीत. भीती वाटते ती त्या न येण्याची. बर्मिंगहॅमच्या पोराला तो सूर युद्धाचा वाटला, आजोबांना संध्याकाळचा. सूर एकच, कान वेगवेगळ्या घरांत वाढलेले.

तर चालेल. दिवेलागणीलासुद्धा चालेल.

आमच्या घरात भजन, हरिपाठ आणि आकाशवाणी. आता मेटलकडे वळायला उशीर झाला का?

उशीर कसला, तू सामान भरून आला आहेस. ज्या शहरात तू राहतोस तिथलं कानावर पडलेलं जरा मोजून बघ. शास्त्रीय गायक द. वि. पलुसकरांचा जन्म १९२१ साली नाशिकचा. वडील विष्णु दिगंबरांचा रामनाम आश्रम इथलाच. लोकशाहीर वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी चौकात, जयंतीच्या मिरवणुकीत ऐकत जी पोरं वाढली त्यांना एक गोष्ट आयती मिळाली आहे: गाणं म्हणजे काहीतरी ठणकावून सांगायची जागा. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून शंभर टाळ एकाच मात्रेवर पडताना ऐक. शंभर जणांनी एक ठोका एकत्र मारण्यात जी ताकद असते तीच मेटलच्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात, चार जण अँप्लिफायरच्या जोरावर उभी करतात.

आणि या सगळ्यांच्या वर आपला ढोल. 'नाशिक ढोल' म्हटलं की राज्यभरातल्या मिरवणुकांना कळतं. आपल्याकडच्या पोराला मेटलची पहिली ओळख कानातून होत नाही, बरगड्यांतून होते. वडिलांच्या खांद्यावर बसून मेन रोडवर विसर्जन मिरवणूक पाहिलेली असते, पथक समोरून जाताना शर्टाचं कापड थरथरलेलं असतं. मोठा आवाज अंगाला लागतो आणि त्यात मजा असते, हे त्याला तिसऱ्या वर्षीच माहीत झालेलं असतं. बाहेरच्या देशांतल्या पोरांना हे कळायला पहिली कॉन्सर्ट गाठावी लागते.

मग ढोलपथकातला मुलगा चांगला मेटल ड्रमर होतो का?

होतो, पण आधी रडतो.

माझ्याकडे असा एक जण आला होता. पंचवटीतल्या पथकात सहा वर्षं ताशा वाजवलेला. मनगटं अशी की एका हाताने सलग सोळा ठोके एकसारखे काढायचा. पहिल्याच दिवशी वाटलं, हा सगळ्यांना मागे टाकणार. मग क्लिक, म्हणजे एकसारखे ठोके देणारं लयीचं मशीन, लावला, मिनिटाला १४० ठोक्यांचा. चाळीस सेकंदांत गडी क्लिकच्या पुढे. पुन्हा लावला, पुन्हा पुढे. त्याला वाटलं मशीन बिघडलंय.

दोष त्याचा नव्हता. मिरवणुकीत लय चढणं ही चूक नसते, ते कामच असतं. संथ ठेक्यावर सुरू करायचं, गर्दी तापवत न्यायची, शेवटी दुप्पट लयीत झेंडे नाचवायचे. सहा वर्षं त्याच्या अंगाने हेच शिकलं होतं की उत्साह म्हणजे वेग. मेटलमध्ये उलटं. गाणं जितकं पेटलेलं, तितका ड्रमर थंड लागतो. डबल पेडलवर दोन्ही पाय सुटले की एक मात्राही घसरून चालत नाही, कारण वर गिटारवाल्याचा हात त्याच पायांना चिकटलेला असतो.

आम्ही काय केलं? क्लिकचा वेग ९० वर आणला आणि प्रत्येक बारमधला, म्हणजे चार ठोक्यांच्या गटातला, फक्त पहिला ठोका ऐकू येईल असा ठेवला. मधलं सगळं त्याने मनात मोजायचं. तीन महिने तो कंटाळला, दोनदा सोडून गेला. आता लय पकडतो. आणि गंमत म्हणजे त्याचे टॉमवरचे (ड्रमसेटमधल्या छोट्या ड्रमवरचे) तुकडे अजूनही ताशाचेच आहेत, तडतडून येतात आणि समेवर पडतात. ते मी त्याला बदलू दिलं नाही.

तबला किंवा शास्त्रीय गायन शिकलेल्याला फायदा होतो का?

खूप. आणि थोडा त्रासही.

आधी फायदा. मेटलची पोरं इंटरनेटवरून 'फ्रिजियन' स्केल पाठ करतात. ते भैरवी थाटाचे सूर आहेत. 'हार्मोनिक मायनर' म्हणजे कीरवाणी. ज्याला 'फ्रिजियन डॉमिनंट' म्हणतात आणि जे ऐकून सगळ्यांना इजिप्तचे पिरॅमिड आठवतात, ते आपल्या बसंत मुखारीचे सूर: खालचं अर्ध भैरवाचं, वरचं भैरवीचं. राग आणि स्केल एक नव्हेत हे मला माहीत आहे, शास्त्रीयवाल्यांनी रागावू नये. पण ज्याने भैरव घोटलाय त्याला कोमल रिषभाची धार नव्याने शिकवावी लागत नाही.

तालाचं तेच. रूपकाच्या सात मात्रा ज्याच्या हातात बसल्यात तो सातच्या रिफला बिचकत नाही. मेशुगा नावाचा स्वीडिश बँड आहे. त्यांची गिटार वेड्यावाकड्या लांबीचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवते, झांज मात्र सरळ चार-चार मोजत राहते, आणि बऱ्याच वेळाने दोघं एका जागी भेटतात. पहिल्यांदा ऐकणारे गोंधळतात. तबल्याचा विद्यार्थी मांडीवर हात मारत म्हणतो, सर, सम आली.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती मला स्वतःला फार उशिरा कळली. गिटारचा आवाज डिस्टॉर्शनमधून, म्हणजे तो मुद्दाम फाडणाऱ्या यंत्रातून, गेला की दोन सुरांची बेरीज-वजाबाकी होऊन नवेच सूर तयार होतात. सा ११० हर्ट्झचा आणि प १६५ चा असेल तर फरक ५५ चा, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला सा. तुम्ही वाजवलाच नाही असा खर्ज आपोआप येतो. म्हणून मेटलमध्ये फक्त सा-प दाबतात, त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. मध्ये गंधार घातला की नवे सूर एकमेकांच्या अंगावर पडतात आणि सगळा चिखल. दुसरीकडे आपला तानपुरा घ्या, तोही बहुतेक वेळा सा-प मध्येच लावतात. तानपुऱ्याच्या जवळ कान नेऊन ज्याने ते गुंजन ऐकलंय त्याला पॉवर कॉर्ड परकी वाटत नाही. फक्त तानपुरा सोसायटीची मीटिंग बोलावत नाही.

त्रास हा की गळ्याने शिकलेला मुलगा प्रत्येक सुरावर मींड घ्यायला बघतो. सोलोमध्ये ते सोन्यासारखं. रिफमध्ये मात्र पिक (तार छेडायची चकती) खाली, खाली, खाली, तळहाताने तारा दाबलेल्या, सूर सरळ आणि कोरडा. हलवायचा नाही, सजवायचा नाही. गुरुजींनी दहा वर्षं जे करायला लावलं ते न करणं ही नवी तालीम असते.

सुरुवात कितव्या वर्षी व्हायला हवी?

ठरावीक वय नाही. यंग्वी मामस्टीन सात वर्षांचा होता, जेव्हा १८ सप्टेंबर १९७० ला जिमी हेंड्रिक्स गेला आणि टीव्हीवर ते पाहून त्याने गिटार हातात घेतली. पुढे त्याला पागानिनीच्या व्हायोलिनचं वेड लागलं, आणि आज लोक ओळखतात तो मामस्टीन त्या दोन वेडांची बेरीज आहे. मेटॅलिका बँडचा ड्रमर लार्स उल्रिक याला वडिलांनी १९७३ मध्ये कोपनहेगनला डीप पर्पल ऐकायला नेलं तेव्हा तो नऊ वर्षांचा. माझ्याकडे एक बँकेतले गृहस्थ पन्नाशीत आले, बरे वाजवतात.

आमच्या घरात कुणीच वाजवत नाही. मुलाचं काही होईल का?

ऑझीचा गिटारवाला रँडी रोड्स याच्या आईची कॅलिफोर्नियात संगीतशाळा होती, त्याला घरातच सगळं मिळालं. ऑझीबरोबर दौऱ्यावर असतानाही तो गावोगावी क्लासिकल गिटारचे धडे घ्यायचा. असं घर मिळालं तर उत्तमच.  पण आयर्न मेडन या इंग्लिश बँडच्या स्टीव्ह हॅरिसला फुटबॉलपटू व्हायचं होतं. घरात वाजवणारं कुणी नसलं तरी चालतं, ऐकणारं एक माणूस लागतं. शेजारी, मामा, कुणीही.

माझं सांगतो. वडील सातपूरला कारखान्यात, त्यांना संगीतात गम्य नव्हतं. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये मेटल मिळायचं ते कॉपी केलेल्या कॅसेटवर. कॉलेज रोडला राहणाऱ्या एका मित्राचा भाऊ मुंबईहून मूळ कॅसेट आणायचा, त्यावरून आम्ही उतरवून घ्यायचो. मी दीड वर्ष एकच कॅसेट घासून तिच्यावर सगळं बसवलं. मग पहिल्यांदा दुसऱ्या गिटारवाल्यासोबत वाजवायला बसलो आणि काही केल्या आमचा सूर जुळेना. दोघेही म्हणतोय, माझं बरोबर. शेवटी कळलं, ज्या डेकवर माझी कॉपी झाली होती तो किंचित मंद फिरायचा. अख्खा अल्बम अर्धी पट्टी खाली उतरला होता आणि मी इमानेइतबारे त्या चुकीला सूर लावत होतो. गंमत अशी की आजही मला गिटार अर्धी पट्टी उतरवलेली असली की घरी आल्यासारखं वाटतं. प्रभाव म्हणतात तो असाही पडतो, बिघडलेल्या मोटरमुळे.

सर, मला एकच बँड आवडतो. बाकी ऐकायलाच हवं का?

एकच ऐक, पण त्यांच्या मागे एक पायरी जा. मेटॅलिका आवडतं? त्यांचा बेसवाला क्लिफ बर्टन जुन्या जर्मन संगीतकार बाखचा अभ्यास केलेला होता, आणि त्या काळातल्या मेटॅलिकाच्या गिटारी एकमेकींना धरून चालतात त्यात ते ऐकू येतं. तो १९८६ मध्ये बस अपघातात गेला. त्यानंतरचे अल्बम आधीच्यांशी लावून बघ. मेडन आवडतं? स्टीव्ह हॅरिस जेनेसिस आणि जेथ्रो टल ऐकून वाढला, म्हणून त्यांची गाणी दहा-दहा मिनिटं चालतात आणि मध्येच तीनदा वळण घेतात. बँडची नक्कल केलीस की तू त्यांची दुसरी प्रत. त्यांनी जे ऐकलं ते ऐकलंस की निदान त्यांच्या शेजारी उभा राहशील.

मेटल बर्मिंगहॅममध्येच का जन्मलं? कारखान्यांमुळे?

ही थिअरी मला आवडते, पण अर्धीच पटते. ज्यूडास प्रीस्ट या तिथल्याच बँडचा गायक रॉब हॅलफर्ड शाळेत जाता-येता लागणाऱ्या भट्ट्यांची, धुराची आठवण सांगतो. मलाही मोह होतो. आमच्या घरी दुसरी पाळी संपायच्या वेळी लांबून पॉवर प्रेसचा धडाधड आवाज यायचा, आणि जुन्या नाशकात तांबट आळीतून गेलात तर तांब्यावर पडणारे हातोडे आजही कानात शिरतात. पण कारखाने मँचेस्टरलाही होते, मुंबईच्या गिरणगावातही होते. गिरणगावात भजनी मंडळं आणि शाहिरी बहरली. कारखान्याने बर्मिंगहॅमला दिलं ते आवाजापेक्षा आयोमीची दोन कापलेली बोटं, आणि तिथे पुन्हा जायचं नाही हा हट्ट.

५ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथचे ते चौघे त्याच अ‍ॅस्टनमधल्या व्हिला पार्क स्टेडियमवर शेवटचे एकत्र वाजले. सतरा दिवसांनी ऑझी गेला. त्या रात्री माझ्या क्लासच्या ग्रुपवर ज्या पोराने सगळ्यात आधी बातमी टाकली ते पंधरा वर्षांचं आहे.

मग आपण ढोल, तुतारी घालून फ्यूजन करावं का?

घाई करू नका. गाणं तयार झाल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरल्यासारखी तुतारी टाकली की ते मेटल राहत नाही, लग्नाची वरात होते. ब्राझीलच्या सेपल्तुराने १९९६ च्या 'रूट्स'मध्ये तिथल्या शावांते आदिवासींकडे जाऊन त्यांच्यासोबत रेकॉर्डिंग केलं. ते टिकलं, कारण तालच ड्रमरच्या हातात उतरला होता. आपल्याकडे मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये दशावतारांवर अख्खा अल्बम केला. दिल्लीचा ब्लडीवूड ढोल आणि बासरी घेऊन २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकन महोत्सवात वाजला.

आमचा प्रयोग सांगतो. एका कॉलेजच्या गॅदरिंगला दोन ढोल स्टेजवर चढवले, पुढे माइक लावले. पहिल्याच ठोक्याला जो घूंऽऽ सुरू झाला तो थांबेना. ढोल, बेस गिटार आणि ड्रमचा किक तिघेही तळाच्या त्याच खणात राहतात, तिथे एकाच वेळी तिघांची बिऱ्हाडं मावत नाहीत. पुढच्या खेपेला ढोल स्टेजखाली प्रेक्षकांत उभे केले, माइक काढून टाकले, आणि ढोल वाजेल तेव्हा बेसवाल्याने हात बांधून उभं राहायचं असं ठरवलं. बेसवाला आठवडाभर बोलला नाही, पण गाणं जमलं.

मुली मेटल वाजवतात का?

वाजवतात. कमरेला ढोल बांधून चार तास चालणाऱ्या मुलीला गिटार जड होईल का, असं कृपया विचारू नका.

तो ओरडण्याचा आवाज काढून मुलाचा गळा जाईल ना?

नुसतं ओरडला तर जाईल. ग्रोल नीट काढणारे गायक मुख्य स्वरतंतूंवर ताण न देता त्यांच्या वरच्या पडद्यांचा वापर करतात आणि जोर पोटातून लावतात. दुखलं, खवखवलं की थांबायचं, हा साधा नियम. पोवाडा म्हणणाऱ्यांच्या, कीर्तनकारांच्या घरातल्या मुलांना श्वासाची शिस्त बरेचदा आधीच असते. मला स्वतःला ग्रोल येत नाही. त्यासाठी मी दुसऱ्याकडे पाठवतो.

आणि कान?

८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. प्लग घाला. हे पथकवाल्यांनाही लागू आहे, आणि ते माझं अजिबात ऐकत नाहीत.

मेटल ऐकून मुलगा बिघडेल का?

बिघडायला मेटल लागत नाही. आजीने रात्री वेताळाच्या गोष्टी सांगितल्या म्हणून तुम्ही बिघडलात का? घाबरायला माणसाला आवडतं. ब्लॅक सॅबथ हे नावही एका भुताच्या सिनेमाचंच.

यात पोट भरतं का?

फक्त मेटलवर? नाशकात नाही. खोटं कशाला सांगू.

आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ ला जगदौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली. आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने सकाळीच गेलो होतो. त्या दौऱ्याचं विमान त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवायचा. मी वडिलांना कौतुकाने हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बघ, त्याने पण जोडधंदा ठेवलाय."

मी शिकवतो, रेकॉर्डिंगची कामं घेतो, लग्नाच्या संगीतात आणि ऑर्केस्ट्रात वाजवतो. आणि इथे लहानपणीचं ऐकणं अगदी रोख पैशांत कामाला येतं. भजनसंध्येला ऐन वेळी गिटारवाला हवा असतो, गायक पांढरी चार मधून थेट काळी दोनमध्ये उडी मारतो, नोटेशन कुणाकडेच नसतं. ज्याच्या घरी भजन होतं तो पहिल्या ओळीत सूर पकडतो. फक्त मेटल ऐकलेला पोरगा तिथे उभा राहतो, बघतो आणि घरी जातो. त्या पाकिटातून आलेल्या पैशांवर माझ्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, म्हणजे हिशेबाने बघितलं तर ते विठ्ठलानेच केलं.

माझ्यावर नेमका कुणाचा प्रभाव आहे, हे कसं ओळखायचं?

गिटार बाजूला ठेव. गाडीवरून घरी जाताना, हेल्मेटच्या आत, तोंडाने एक रिफ तयार कर. कुणी ऐकत नाही. घरी पोचलास की लगेच फोनवर गाऊन ठेव. असे वीस तुकडे जमले की एका बैठकीत ऐक. हातात गिटार असली की बोटं पाठ झालेल्या वाटांनी जातात, तोंडाला त्या वाटा माहीत नसतात. तेव्हा जे निघतं ते तुझं. एका मुलीच्या वीसपैकी चौदा तुकड्यांचा शेवट सारखाच येत होता. आम्ही शोधत बसलो, शेवटी तिच्या आईने स्वयंपाकघरातून सांगितलं की तो आरतीचा शेवट आहे.

पहिली गिटार कोणती घ्यावी?

झेपेल ती. तारा बारीक लावून घ्या, ०९ च्या. आणि दुकानदाराकडून तारांची उंची कमी करून घ्या, नाहीतर पोरगं आठवड्यात सोडतं.

एखादा दिवस बसून बघता येईल का?

येईल, रविवारी सकाळी दहाला. फी नाही. गिटार नसली तरी चालेल, पण तुमच्या घरात लहानपणी सगळ्यात जास्त वाजायची अशी तीन गाणी कागदावर लिहून आणा. लाजू नका, एकाने दूरदर्शनच्या बातम्यांची धून लिहून आणली होती आणि आम्ही ती बसवलीसुद्धा. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका, वरच्या मजल्यावरचे काका झोपतात.